भाड्याचे गाणे, घरचा आवाज

गेल्या काही वर्षांपासून आपल्या घरांत एक नवीनच झाडलोट सुरू झाली आहे. पेसाहपूर्वी घराचा कानाकोपरा झाडावा, खमीर म्हणून जे काही असेल ते बाहेर काढावे, ही आपली वाडवडिलांची रीत. तिला कोण नाव ठेवील? परंतु आता खमिराच्या जोडीने सीडीही घराबाहेर जाऊ लागल्या आहेत! मुलगा येतो, दिवाणखान्यातले कपाट उघडतो आणि म्हणतो, "आबा, ही अडगळ कशाला सांभाळता? सगळी गाणी आता फोनवर आहेत. महिन्याला थोडे पैसे भरले की झाले." आबा एकदा त्या डब्यांकडे पाहतात, एकदा मुलाकडे पाहतात आणि गप्प बसतात. दुसऱ्या दिवशी सीडी प्लेअर खाली माख्सानमध्ये जातो आणि सीडींची खोकी रस्त्यावरच्या कचरापेटीशेजारी जाऊन बसतात.

आबांच्या या गप्प बसण्याविरुद्ध आणि मुलाच्या त्या "सगळी" या शब्दाविरुद्ध आम्हांला आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथमच सांगून टाकतो, की आम्ही नव्याचे वैरी नाही. कॅसेट १९६३ मध्ये निघाली तेव्हा तबकड्या जपणाऱ्यांनी नाके मुरडली. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा कॅसेटवाल्यांनी मुरडली. प्रत्येक वेळी नवे जिंकले आणि बहुतेक वेळा ते सोयीचेच निघाले. या देशात आलेल्या आपल्या पहिल्या पिढीला एखादे मराठी गाणे ऐकावयाचे म्हणजे केवढे सायास! मुंबईहून कोणी येणार असे कळले, की आधी पत्र जाई, 'येताना दोन कॅसेट आणा' म्हणून. १९९२ मध्ये भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. त्यापूर्वी जाणेयेणे आजच्याइतके सोपे नव्हते. आलेली कॅसेट मग लोदहून रामलेला, रामलेहून अश्दोदला अशी घरोघर फिरे आणि शेवटी फीत घासून आवाज घोगरा होई. आज बेर-शेव्यातील आजीबाई खुर्चीत बसल्या बसल्या 'गीतरामायणा'तील छप्पन्नच्या छप्पन्न गाणी ऐकू शकतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ती ऐकावयास आठवडाभर वाट पाहावी लागत असे. ही सोय आम्हांला नको आहे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? आमच्याही घरी ती आहे.

दुसरी गोष्ट. काही जाणकार मंडळी सांगतात, की स्ट्रीमिंगचा आवाज सीडीच्या तोडीचा नाही, म्हणून सीडी ठेवा. हा वाद आम्ही घालणार नाही. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतलेले असते. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. बरीच वर्षे स्ट्रीमिंगच्या चांगल्या प्रतीत सेकंदाला ३ लाख २० हजार बिट मिळत, म्हणजे पाव हिश्श्याहूनही कमी. आकडे ऐकून घाबरावयास होते; परंतु आमच्यासारख्यांच्या कानांना तो फरक क्वचितच कळतो. आणि आता तोही उरलेला नाही. ॲपलने २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये सीडीइतकाच पूर्ण आवाज देण्यास आरंभ केला. फोनवरून ब्लूटूथने गाणे न पाठविता स्ट्रीमरची छोटी पेटी तारेने स्टिरिओला जोडली, तर ऐकणारास तक्रारीस जागा राहत नाही. शिवाय आपली आवडती जुनी नाट्यगीते मुळात ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरची. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे आणि त्यातही खरखर! त्यांच्यासाठी बिट मोजत बसणे हसण्यासारखे आहे.

तेव्हा आमची तक्रार आवाजाची नाही. ती मालकीची आहे, आणि त्याहून अधिक ती विसराळूपणाची आहे.

मालकीचे आधी पाहू. सीडी विकत घेतली म्हणजे ती तबकडी तुमची. दुकान बंद पडो, कंपनी बुडो, तुमच्या कपाटातील गाणे कोणी काढून नेत नाही. स्ट्रीमिंगमध्ये तुम्ही गाणे विकत घेत नाही, ऐकण्याची परवानगी महिन्याच्या भाड्याने घेता. भाडे थांबले की गाणे थांबले. भाडे चालू असूनही गाणे थांबू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. गाण्याचे हक्क असतात रेकॉर्ड कंपनीकडे. स्ट्रीमिंगवाल्याचा तिच्याशी करार असतो आणि तोही देशागणिक निराळा असू शकतो. त्या दोघांचे बिनसले, की तुमचे पैसे भरलेले असोत वा नसोत, गाणे नाहीसे होते.

हे आम्ही मनचे सांगत नाही. स्पॉटिफाय भारतात सुरू झाले २०१९ च्या फेब्रुवारीत. सारेगामा, म्हणजे जुनी एच. एम. व्ही., हिच्याशी त्यांचा करार जुळला नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सारेगामाची गाणी उतरविण्याचे ठरले. पुढे २०२० मध्ये करार झाला तेव्हा ती परत आली. वाचकांनी जरा विचार करावा. मराठी भावगीतांचा आणि चित्रपटगीतांचा केवढा मोठा ठेवा एच. एम. व्ही.च्या शिक्क्याखाली आहे! तो सगळा ठेवा भारतातील त्या एका दुकानातून वर्षभर गायब. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकच्या गाण्यांच्या बाबतीत पुन्हा तेच. करार संपला आणि गाणी उतरली. त्या दिवशी कोणाच्याही कपाटातील सीडी मात्र उतरली नाही.

गाण्यांचे जे, तेच दुकानांचे आणि यंत्रांचे. गुगलचे 'प्ले म्युझिक' २०२० च्या अखेरीस बंद झाले. भारतात एअरटेलचे 'विंक' २०२४ मध्ये आवरण्यात आले. जुन्या स्टिरिओला स्ट्रीमिंग शिकविणारी 'क्रोमकास्ट ऑडिओ' नावाची स्वस्त आणि चांगली चकती २०१५ मध्ये निघाली. २०१९ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. यात कोणाचा कट नाही. व्यापार असाच चालतो. न परवडणारे दुकान वाणी बंद करतो. परंतु वाण्याच्या भरवशावर आपण आपल्या घरातील कणगी मोडत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

येथपर्यंतचे नुकसान तरी भरून येण्यासारखे आहे. आज गेलेले लताबाईंचे गाणे उद्या परत येईल. एका दुकानात नाही, तर दुसऱ्या दुकानात मिळेल. जगात त्याच्या हजारो प्रती आहेत. आता ज्या नुकसानीबद्दल सांगणार आहोत, ते भरून येणारे नाही.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. गावाचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. वडील वारले. महिना उलटल्यावर मुलांनी घर आवरावयास घेतले, कारण ते विकावयाचे होते. कपाटात शंभरावर सीडी निघाल्या. छापील वेष्टनातल्या, हिंदी सिनेमाच्या, मराठी गाण्यांच्या. "हे सगळे फोनवर आहे," असे एकाने म्हटले, दुसऱ्याने मान डोलावली आणि खोकी गेली. त्या शंभरांत एक साधी, न छापलेली सीडी होती. तिच्यावर शाईने दोन शब्द लिहिलेले होते, मराठीत. मुले इब्री शाळेत शिकलेली. देवनागरी कोणाला वाचता येत नव्हती.

काही वर्षांनी त्याच घरातील नातीची मेंदी निघाली. मावशी म्हणाली, "अरे, ती आईची सीडी लावा ना! तुमच्या बाबांनी कॅसेटवरून करून घेतली होती ती. आईने मेंदीची गाणी म्हटली आहेत तिच्यात." एका नातवाने फोन काढला, मेंदीची गाणी म्हणून शोधले, एक सोडून शेकडो निघाली. पहिले लागले, हिंदी सिनेमातले. मावशी म्हणाली, "ही नव्हेत रे. आपली!" दुसरे लागले, तिसरे लागले. शेवटी मावशीने हातानेच फोन बंद करावयास सांगितले आणि आणखी एका म्हाताऱ्या बाईंना सोबत घेऊन स्वतः गाऊ लागली. दोन कडवी झाली. तिसऱ्याला दोघीही अडखळल्या. पुढचे शब्द कोणालाच आठवेनात. ते त्या सीडीवर होते.

आता सांगा, यात फोनचा काय दोष? ज्याने जे भरले, तेच यंत्र परत देते. आपल्या आजीचे गाणे त्यात कोणी भरलेच नव्हते. कोणत्याही रेकॉर्ड कंपनीने ते कधी विकले नव्हते, म्हणून कोणत्याही कराराने ते तेथे येणारही नव्हते. 'सगळी गाणी फोनवर आहेत' या वाक्यात 'सगळी' म्हणजे 'बाजारात आलेली सगळी', हे आपण विसरतो. आणि आपल्या समाजाचे जे खास आपले आहे, ते बाजारात फारसे आलेलेच नाही. अब्राहाम, योसेफ, मोशे आणि एस्तेर यांची मराठी कीर्तने. मलिद्याच्या वेळी एलियाहू हनाबीचे गीत ज्या चालीवर आपण म्हणतो ती चाल. मेंदीची आणि लग्नाची बायकांची गाणी. कुलाबा जिल्ह्यातील (आताच्या रायगडातील) गावांतून आलेल्या एखाद्या हज्जानाचा आवाज. हे कोठे आहे? घरगुती कॅसेटवर आहे, आणि पुढे त्या कॅसेटवरून करून घेतलेल्या सीडींवर आहे. म्हणजे नेमके त्याच कपाटात, जे आपण रिकामे करीत आहोत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्या लॅपटॉपांत सीडी घालावयास बहुधा जागाच नसते. नव्या मोटारींतही ती दुर्मीळ झाली आहे. तेव्हा घरातील स्टिरिओचा सीडी प्लेअर हे त्या घरगुती सीडीला तोंड देणारे शेवटचे यंत्र होय. ते भंगारात गेले, की सीडी असूनही मुकी झाली. आणि हा प्लेअर काढण्याची मुळात गरज काय? कोणत्याही साध्या अँप्लिफायरला मागे तीन-चार जोडण्या असतात. एकीत सीडी प्लेअर राहू द्यावा, दुसरीत स्ट्रीमर लावावा. पुढची कळ फिरविली की हे, पुन्हा फिरविली की ते. दोन सुना एका घरात नांदतात, मग दोन यंत्रे का नांदू नयेत?

तथापि सगळा दोष मुलांवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. मुलांना आम्ही काय सांगितले? घरगुती सीडीवर मराठीत दोन शब्द लिहिले आणि ती सिनेमाच्या सीडींत ठेवून दिली. कोण गात आहे, कोठे, कोणत्या साली, कोणाच्या लग्नात, काही लिहिले नाही. कॅसेट तर माख्सानमध्ये, उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या कपाटात. आणि वर्षानुवर्षे म्हणत राहिलो, "एकदा सवडीने सगळे नीट लावू." ही सवड कोणाला मिळाली? आम्हांलाही मिळाली नव्हती. आमच्या स्वतःच्या संग्रहातील एक कॅसेट गेल्या वर्षी लावून पाहिली, तर अर्ध्याहून अधिक भागात नुसती घरघर. फीत वितळली नव्हती, तुटली नव्हती. आम्ही फक्त उशीर केला होता.

कॅसेट आणि घरगुती सीडी थांबत नाहीत, हे नीट समजून घ्यावे. दुकानातली छापील सीडी साच्यातून काढलेली असते. ती पुष्कळ वर्षे टिकते. घरी लिहिलेल्या सीडीवर मात्र रंगाचा एक थर असतो आणि त्या रंगावर यंत्राने अक्षरे उमटविलेली असतात. ऊन आणि उष्णता लागली की तो थर बिघडतो, आणि एके दिवशी यंत्र म्हणते, वाचता येत नाही. कॅसेटची फीत चुंबकीय. तिचा आवाज हळूहळू ओसरतो. टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे तर वापर नसला तरी सैल होतात आणि विरघळतात.

मग करावे काय? आमचे सांगणे साधे आहे. आधी प्रत, मग निरोप.

घरगुती कॅसेट आणि घरगुती सीडी प्रथम बाजूला काढाव्या. दुकानातल्या सीडींची घाई नाही. घरगुती सीडीची प्रत संगणकावर करावी. बाहेरून जोडावयाची सीडीची छोटी पेटी आजही स्वस्तात मिळते. प्रत 'फ्लॅक' प्रकारात ठेवावी. तिच्यात आवाजाचा एक कणही गळत नाही आणि जागा मात्र जवळजवळ निम्मीच लागते. तासाभराच्या सीडीला मूळ सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. फ्लॅकमध्ये बहुधा चारशेच्या आत काम होते. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये दीडशे सीडी बसतात. सारे कपाट खिशात! जागा नाही, ही सबब येथेच संपली. हीच प्रत पुढे घरच्या स्ट्रीमरवरून त्याच स्टिरिओवर ऐकता येते. पुष्कळशा स्ट्रीमरना पेन ड्राइव्ह किंवा घरच्या संगणकातील गाणी वाजविता येतात. म्हणजे नव्या यंत्राशी भांडण नाहीच. उलट तेच आपल्या आजीच्या कामी येते.

कॅसेटसाठी चालू टेपरेकॉर्डर हवा. त्याच्या मागची तार संगणकाला जोडून 'ऑडॅसिटी' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने आवाज भरून घ्यावा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, त्यात काटछाट नाही. परंतु त्या साठ मिनिटांत आजीजवळ बसावे, मावशीजवळ बसावे, आणि विचारीत जावे: हा आवाज कोणाचा? पेटी कोण वाजवीत आहे? मागे हसणारी बाई कोण? मिळालेले उत्तर लगेच लिहावे. मराठीत लिहावे आणि इब्रीतही लिहावे, म्हणजे पुढे साफसफाई करणाऱ्या नातवाला वाचता येईल. आमच्या मते हे लिहिणे प्रतीइतकेच महत्त्वाचे आहे. आवाज जपला आणि नाव हरवले, तर अर्धेच जपले.

प्रती दोन कराव्या आणि त्या दोन घरांत ठेवाव्या, एक आपल्याकडे, एक भावाकडे किंवा बहिणीकडे. आणि कीर्तनासारखी समाजाची वस्तू असेल, तर तिसऱ्या प्रतीसाठी जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे चौकशी करावी. तेथील ध्वनिसंग्रह १९६४ पासूनचा आहे आणि जगभरच्या यहुदी समाजांची गाणी त्यात जपलेली आहेत. आपल्या लोकांचा आवाज तेथे जितका अधिक असेल तितका बरा. एक मात्र सांभाळावे. दुसऱ्याने गायिलेले कीर्तन हाती आले म्हणून ते परस्पर जगाला वाटू नये. गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना आधी विचारावे.

कोणी म्हणतील, "एवढे करून ऐकणार कोण? मुलांना मराठी कळत नाही." या प्रश्नाने आम्हांलाही पुष्कळ वेळा गप्प केले आहे. परंतु त्या मेंदीच्या रात्री नातवाने फोन का काढला होता? मावशीने सांगितले म्हणून खरे; पण तो शोधीत राहिला, एक नाही, तीन गाणी लावून पाहिली. त्याला ते हवे होते. शब्द कळले नसते, तरी आवाज कळला असता. आपल्या वाडवडिलांनी कोकणात किती पिढ्या काढल्या; इब्रीचा अर्थ सगळ्यांना कोठे कळत होता? तरी शेमा त्यांनी सोडला नाही. न कळणारी गोष्टही माणूस प्रेमाने जपतो. मात्र ती त्याच्या हातात कोणीतरी द्यावी लागते.

म्हणून मुलांना आम्ही सांगू, की स्ट्रीमिंग खुशाल घ्या. वडिलांच्या स्टिरिओला जोडून द्या, आईला बटणे शिकवा, महिन्याचे पैसेही भरा. परंतु कपाटाला हात लावण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या दोघांजवळ बसा आणि एकेक डबा उघडून विचारा, हे काय आहे? आणि आबांना आमचे सांगणे असे, की गप्प बसू नका. मुलगा "सगळी गाणी फोनवर आहेत" म्हणाला, की त्याला शांतपणे म्हणा, "बरे आहे बाळ. मग तुझ्या आजीचे लाव बघू."

ते लागले, तर सीडी खुशाल टाकाव्या.